पिकअप गाडीचे फेरबदल, देखभाल आणि ट्रेलर ओढणे : गोव्यातील मालकांसाठी मार्गदर्शन

गोव्यात पिकअप गाडी नाना कामांना लावली जाते. मालीमच्या धक्क्यावरून मासळीचे क्रेट उचलणारी गाडी, सत्तरीतल्या कुळागरातून सुपारी आणि नारळ आणणारी गाडी, बांधकामावर चिरे पोचवणारी गाडी आणि शापोरा नदीत होडी उतरवण्यासाठी ट्रेलर ओढत नेणारी दुहेरी केबिनची फोर बाय फोर गाडी, या सर्वांची बांधणी मुळात एकाच प्रकारची असते: शिडीसारखी पोलादी चासी, मागे पाट्यांचे सस्पेन्शन आणि चासीवर स्वतंत्रपणे बसवलेली केबिन व हौदा. या बांधणीमुळे गाडी दणकट दिसते आणि ती दणकट असतेही; पण ती किती ओझे सुखरूप नेईल हे इंजिनावरून ठरत नाही. ओझे हौद्यातून किंवा हिचमधून (ट्रेलर अडकवायच्या मागच्या जोडातून) चासीवर, चासीवरून पाट्यांवर, पाट्यांवरून ॲक्सलवर आणि तिथून टायरवर येते, आणि थांबायची वेळ आली की ते सगळे ब्रेकवर येते. या वाटेतला जो भाग सर्वांत अशक्त असेल, तीच त्या गाडीची खरी मर्यादा समजावी. फेरबदल करताना, देखभाल करताना आणि ट्रेलर जोडताना हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा लागतो, म्हणून पुढचे सर्व विवेचन त्याच्याच आधाराने केले आहे.

अमेरिकेत ज्यांना हेवी ड्यूटी पिकअप म्हणतात त्या फोर्ड एफ-२५० किंवा रॅम २५०० यांसारख्या गाड्यांचे भारासह कमाल वजन साडेचार टनांच्या आसपास असते. आपल्याकडच्या इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स या गाड्या साडेतीन टनांच्या आतल्या वर्गातल्या आहेत. त्यामुळे अमेरिकी चित्रफितींत दिसणारे प्रचंड ट्रेलर आणि त्यांचे आकडे आपल्या गाडीला लावू नयेत. इतकेच नव्हे, तर त्याच नावाची गाडी थायलंडमध्ये किंवा ऑस्ट्रेलियात साडेतीन टनांचा ट्रेलर ओढते म्हणून येथील गाडीही तो ओढेल असे गृहीत धरू नये. गिअर, ब्रेक, कूलिंग आणि मागचा ॲक्सल यांत देशानुसार फरक असू शकतो. आपल्या गाडीबरोबर मिळालेल्या मालकपुस्तिकेत ओढण्याची मर्यादा दिलेली असेल तर ती प्रमाण मानावी, आणि दिलेली नसेल तर उत्पादकाकडून लेखी माहिती मिळेपर्यंत जड ट्रेलर जोडू नये.

वजनाचा हिशेब

नोंदणीपत्रावर दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचे वजन आणि भारासह कमाल वजन. या दोहोंची वजाबाकी म्हणजे गाडीला उचलता येणारा एकूण भार होय. पुष्कळ मालक हा आकडा पूर्णपणे मालाचा समजतात आणि तिथेच चूक होते, कारण चालक, शेजारी बसलेली माणसे, हत्यारे, नंतर बसवलेले छत किंवा गार्ड आणि ट्रेलरचा हिचवर पडणारा भार हे सगळे त्याच आकड्यातून वजा होत असते. एखाद्या गाडीचे रिकामे वजन १,९५० किलो आणि कमाल वजन २,५०० किलो असेल, तर हातात ५५० किलो उरतात. दोन माणसांचे १५० किलो, हौद्यावरचे छत आणि खालचे गार्ड यांचे ११० किलो, हत्यारांचे ६० किलो असे धरले तर २३० किलो शिल्लक राहतात. आता १,५०० किलोंचा ट्रेलर जोडला आणि त्याच्या दहा टक्के म्हणजे १५० किलो भार हिचच्या गोळ्यावर (ट्रेलरची दांडी ज्यावर बसते त्या लोखंडी गोळ्यावर) आला, तर हौद्यात ठेवायला केवळ ८० किलो उरले. होडीचे यंत्र आणि इंधनाचे दोन कॅन ठेवले की तेही संपतात.

हिचवरचा भार आणखी एका कारणाने कसून मोजावा लागतो. हा भार मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकलेला असतो. गाडीच्या दोन ॲक्सलांतले अंतर ३ मीटर आणि मागच्या ॲक्सलपासून गोळ्यापर्यंतचे अंतर १.२ मीटर असेल, तर गोळ्यावरच्या १५० किलोंमुळे मागच्या ॲक्सलवर २१० किलो वाढतात आणि पुढच्या ॲक्सलवरचे ६० किलो कमी होतात. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग सैल वाटू लागते, पुढच्या ब्रेकची पकड घटते आणि रात्री दिव्यांचा झोत समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर जातो. म्हणून वजनकाट्यावर केवळ एकूण वजन करून परतू नये. आधी पुढची चाके, मग पूर्ण गाडी आणि शेवटी फक्त मागची चाके काट्यावर घेऊन तीन आकडे लिहून घ्यावेत. डिचोलीच्या खाणपट्ट्यात आणि औद्योगिक वसाहतींच्या परिसरात वजनकाटे आहेत, त्यामुळे हे काम गोव्यात कठीण नाही.

मालाचे वजन डोळ्यांनी ठरवू नये. एक घनमीटर कोरडी रेती साधारण १,६०० किलोंची असते आणि पावसात भिजल्यावर तीच १,९०० किलोंच्या पुढे जाते. हौदा अर्धाच भरलेला दिसतो आणि पाटे मात्र सपाट झालेले असतात. चिऱ्यांचेही तसेच आहे. खाणीवरून ताजा काढलेला ओला चिरा आणि उन्हात वाळलेला चिरा यांच्या वजनात ठळक फरक पडतो, म्हणून त्या दिवशीचे दोन-चार चिरे काट्यावर घालून सरासरी काढावी आणि मगच किती नग भरायचे ते ठरवावे. पाण्याचा हिशेब सोपा आहे, एक लिटरला एक किलो. परंतु अर्धवट भरलेली टाकी वळणावर हिंदकळते आणि सगळे वजन एका बाजूला फेकते, म्हणून टाकी पूर्ण भरलेली असावी किंवा पूर्ण रिकामी असावी. मर्यादेपेक्षा जास्त माल भरल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड होतो, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडचणीत येतो.

फेरबदल : काय करावे, काय टाळावे

कायद्याची चौकट आधी समजून घ्यावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की, नोंदणीपत्रावरील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाने गाडीत करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा कडक अर्थ लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरबदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड अशी तरतूद आली. पुढे लावायच्या लोखंडी बुल बारवर तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाईचे आदेश राज्यांना दिले होते. माझ्या मते बुल बार कायद्याने चालला असता तरी लावू नये: तो धडकेचा जोर चासीकडे सरळ पोचवतो, एअरबॅग वेळेवर उघडण्यात अडथळा आणू शकतो आणि पादचाऱ्याला होणारी इजा वाढवतो. एखादा बदल नोंदणीपत्राच्या तपशिलांना स्पर्श करतो का, अशी शंका आली तर काम सुरू करण्यापूर्वी आपल्या तालुक्याच्या वाहतूक कार्यालयात विचारून घ्यावे.

ट्रेलरसाठी हिच बसवणे हे या सर्वांत जबाबदारीचे काम आहे. हिच मागच्या बंपरला जोडायची नसते. ती चासीच्या दोन्ही लांब दांड्यांना, शक्यतो उत्पादकाने ठेवलेल्या छिद्रांतूनच, १०.९ प्रतीच्या बोल्टांनी कसायची असते. कोपऱ्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात चासीवर थेट वेल्डिंग करून हिच बसवून देणारे मिस्त्री भेटतात, आणि ते काम पाहायला पक्के वाटते. परंतु वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागेच्या पोलादाचे गुण बदलतात आणि काही महिन्यांच्या धक्क्यांनंतर तडा नेमका सांध्याच्या कडेने जातो. चासीच्या वरच्या व खालच्या पट्टीला नवी छिद्रे पाडणेही टाळावे, कारण वाकण्याचा सर्वाधिक ताण तिथेच असतो. बोल्ट टॉर्क पान्ह्याने कसावेत, प्रत्येकावर रंगाची एक रेघ ओढून ठेवावी आणि ट्रेलर ओढून पहिले १०० किलोमीटर झाल्यावर रेघा जागेवर आहेत का ते पाहावे. गोळा घेताना त्याचा व्यास ट्रेलरच्या कपलरशी (गोळ्यावर बसणाऱ्या वाटीशी) जुळतो याची खात्री करावी. ५० मिलिमीटरचा गोळा आणि त्याहून मोठ्या गोळ्यासाठी बनवलेला कपलर ही जोडी उभ्या गाडीत घट्ट बसल्यासारखी वाटते आणि पहिल्याच गतिरोधकावर सुटू शकते.

मागे एखादा पाटा वाढवून घेण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. पाटा वाढवल्याने गाडीचा मागचा भाग भाराखाली कमी बसतो, हे खरे आहे. मात्र त्याने भारासह कमाल वजनाचा आकडा एका किलोनेही वाढत नाही, कारण ॲक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक जुनेच राहतात; उलट गाडी सपाट दिसू लागल्यामुळे चालकाला जास्त माल भरण्याचा धीर येतो. शिवाय रिकामी गाडी ओल्या रस्त्यावर कडक पाट्यांमुळे उडू लागते आणि मागची चाके ब्रेक लावताच घसरतात. सतत एकसारखा भार असणाऱ्या मासळीच्या गाडीला पाटा वाढवणे समजू शकते. कधी भरलेली, कधी रिकामी अशा गाडीला पाट्यांच्या जोडीने हवेचे फुगे बसवणे अधिक योग्य ठरते, कारण भार उतरला की हवा कमी करता येते. दोन्ही बाबतींत मूळ मर्यादा तीच राहते.

टायर निवडताना रुंदी आणि नक्षी यांच्याआधी भार-क्रमांक पाहावा. बाजूच्या भिंतीवर ११२ हा क्रमांक असेल तर तो टायर १,१२० किलो पेलतो, ११६ असेल तर १,२५० किलो. दोन मागच्या टायरांची बेरीज मागच्या ॲक्सलच्या काट्यावरच्या वजनापेक्षा ठळकपणे जास्त असावी. मोठ्या व्यासाचा टायर घातला तर गाडी उंच दिसते, पण २५५/६० आर १८ ऐवजी २६५/७० आर १७ घातल्यावर व्यास ७६३ वरून ८०३ मिलिमीटर होतो, म्हणजे पाच टक्के वाढ. तेवढ्या प्रमाणात प्रत्येक गिअर उंच होतो, चढावर इंजिन लवकर दमते, ब्रेकला चाक थांबवायला जास्त जोर लागतो आणि वेगदर्शक खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. ट्रेलर ओढायचा असेल तर मूळ मापच उत्तम.

इंजिनचा संगणक बदलून ताकद वाढवणे, धुराचा फिल्टर काढून टाकणे हे प्रकार पूर्णपणे टाळावेत. पहिल्याने वॉरंटी जाते आणि क्लच व गिअरबॉक्सवर ज्याची त्यांना सवय नाही असा ताण येतो. दुसरा तर सरळ बेकायदा आहे.

खारी हवा, लाल धूळ आणि पावसाळा

गोव्यात पिकअप थकते ती बहुधा गंजामुळे. मासळीच्या क्रेटमधून वितळलेल्या बर्फाचे खारे पाणी हौद्याच्या सांध्यांतून थेट चासीवर ठिबकते, आणि समुद्राकाठी उभ्या असलेल्या गाडीवर वाऱ्याबरोबर मीठ बसतच असते. चासीच्या पोकळ दांड्यांना खालून निचऱ्याची छिद्रे असतात. लाल चिखल सुकून ती बंद झाली की आत पाणी साचते आणि चासी आतून खायला सुरुवात होते. बाहेरचा रंग तेव्हाही शाबूत असतो. त्यामुळे दर महिन्याला तारेने ही छिद्रे मोकळी करावीत, आणि वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, चासीवर लहान हातोडीने टकटक करून पाहावे. निरोगी पोलाद खणखणीत वाजते, आतून कुजलेली जागा बद्द वाजते. पाट्यांच्या मधोमध असणारा शिकंजा, ब्रेकच्या पोलादी नळ्या जिथे क्लिपांनी धरलेल्या असतात त्या जागा आणि फाळक्याच्या बिजागऱ्या या तीन ठिकाणी गंज हमखास दडून बसतो.

मासळी उतरवल्यावर हौदा आणि गाडीचा खालचा भाग त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावा. फार जोराच्या फवाऱ्याने बेअरिंगच्या सीलवर आणि विजेच्या जोडांवर पाणी मारू नये. खालून काळा रबरी थर मारून घेण्याची सवय आहे, तिच्याविषयी सावध राहावे: नव्या, कोरड्या पोलादावर तो चांगला टिकतो, परंतु आधीच गंज धरलेल्या जागेवर मारला तर ओल आत कोंडते आणि गंज थराखाली वाढत जातो. जुन्या गाडीला मेणयुक्त किंवा लॅनोलिनयुक्त फवारा बरा, कारण तो सांध्यांत शिरतो आणि दरवर्षी नव्याने मारता येतो. हौद्यात ॲल्युमिनियमचा पत्रा घालायचा असेल तर तो आणि पोलाद यांच्यामध्ये रबर किंवा प्लास्टिकचा थर असावा. खारे पाणी मिळताच या दोन धातूंत विद्युत-रासायनिक क्रिया होऊन पत्रा पोखरला जातो.

डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर लाल धुळीने लवकर भरतो. मालकपुस्तिकेतले अंतर हे साधारण वापरासाठी असते. धूळ, जड माल आणि ट्रेलर हा कठीण वापर होय, आणि त्यासाठी पुस्तिकेत वेगळा, बहुधा निम्मा, कालावधी दिलेला असतो. तोच पाळावा. इंजिन तेल घेताना १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीला कमी राख सोडणारे, उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचे तेल लागते. जुन्या गाडीचे उरलेले तेल तिच्यात ओतले तर धुराचा फिल्टर वेळेआधी तुंबतो. हा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. पणजी किंवा म्हापसा शहरातच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत त्याचा दिवा लागतो तेव्हा राष्ट्रीय महामार्ग ६६ वर वीसेक मिनिटे एकसारख्या वेगाने गाडी चालवून आणावी, दिवा दुर्लक्षू नये.

डिझेल फिल्टरखालच्या पाणी-विभाजकातले पाणी पावसाळ्यात दर पंधरवड्याला सोडावे. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला आणि स्लिप जॉइंटला ग्रीस भरताना जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत भरावे. गाडी खोल पाण्यातून गेली असेल तर डिफरन्शियलचा वरचा प्लग काढून तेल पाहावे: दुधासारखे पांढुरके झाले असेल तर आत पाणी गेले आहे, आणि ते तेल तसेच ठेवल्यास गिअरचे दात थोड्याच दिवसांत खरवडले जातात. ॲक्सलच्या श्वासनळीचे (आतली हवा ये-जा करण्याच्या छिद्राचे) तोंड रबरी नळीने इंजिन कप्प्यापर्यंत उंच नेऊन ठेवणे हा स्वस्त आणि खरोखर उपयोगी फेरबदल आहे. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मागच्या ड्रममध्ये गाळ शिरलेला असतो, म्हणून पाणथळ रस्त्यांच्या दिवसांत ड्रम उघडून लायनर साफ करून घ्यावेत.

ब्रेक तेलाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. हे तेल हवेतली आर्द्रता शोषते, आणि आपल्याकडची हवा वर्षातले बहुतेक महिने दमट असते. डॉट ४ प्रतीचे नवे तेल २३० अंश सेल्सिअसला उकळते, तर ओल शोषलेले तेल १५५ अंशांनाच उकळू लागते. घाट उतरताना ब्रेक तेवढे तापू शकतात. तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाशी जाते. दोन वर्षांनी हे तेल बदलावेच, आणि ट्रेलर ओढणाऱ्या गाडीत दरवर्षी बदलावे.

ट्रेलर जोडताना

ट्रेलरला स्वतःची नोंदणी आणि विमा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही वाहन आहे. युरोपात ७५० किलोंपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे बंधनकारक आहे आणि ती मर्यादा आपणही स्वतःला घालून घ्यावी, कारण त्यापुढचे वजन केवळ गाडीच्या ब्रेकवर सोडणे धोक्याचे आहे.

हिचवरचा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा, मात्र तो गाडीच्या मर्यादेत बसला पाहिजे. त्याहून कमी असेल तर ट्रेलर वेगात डोलू लागतो. तो मोजण्यासाठी घरातला वजनकाटा पुरतो. एक मजबूत फळी घेऊन तिचे एक टोक विटेवर आणि दुसरे ९० सेंटिमीटरवर काट्यावर टेकवावे, फळीचे स्वतःचे वजन काट्यावर किती दिसते ते टिपून घ्यावे, आणि विटेपासून ३० सेंटिमीटरवर फळीवर ट्रेलरची दांडी ठेवावी. काट्यावर वाढलेला आकडा तिप्पट केला की हिचवरचा भार मिळतो. ट्रेलर सपाट जागी, चाकांना अडसर लावून उभा असावा आणि दांडी प्रवासात असते त्याच उंचीवर असावी. भार कमी आला तर होडी किंवा माल थोडा पुढे सरकवावा, जास्त आला तर मागे. साठ टक्के माल ट्रेलरच्या चाकांच्या पुढे, जड वस्तू तळाला, हा सर्वसाधारण नियम आहे.

कपलर गोळ्यावर बसवून कुलूपबंद केल्यावर ट्रेलरचा जॅक पुन्हा वर फिरवून पाहावा; गाडीचा मागचा भाग त्याच्याबरोबर उचलला गेला तरच जोड खरा. सुरक्षा साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेद देत लावाव्यात, म्हणजे कपलर सुटला तरी दांडी रस्त्यात न रुतता साखळ्यांवर विसावते. दिव्यांची जोडणी गाडीच्या तारा सोलून करू नये. नव्या गाड्यांतला संगणक मागच्या दिव्यांवर पाळत ठेवतो, त्यामुळे बॅटरीवरून फ्यूजसह वेगळी तार घेऊन रिले मॉड्यूलमार्फत ट्रेलरचे दिवे चालवावेत. निघण्याआधी कुणाला तरी मागे उभे करून ब्रेक, इंडिकेटर आणि मागचा दिवा एकेक करून तपासावा. ट्रेलरच्या टायरचा दाब थंड असताना पाहावा आणि चाकांचे नट पहिल्या ५० किलोमीटरनंतर पुन्हा कसावेत.

घाट, पूल आणि फेरी

अनमोड किंवा चोर्ला घाटाकडे जड ट्रेलर घेऊन निघण्याआधी त्या दिवशी जड वाहनांना मनाई आहे का ते पाहून घ्यावे. चढताना तापमानाचा काटा वर जाऊ लागला तर वातानुकूलन बंद करून खालचा गिअर घ्यावा, म्हणजे पंप आणि पंखा वेगाने फिरतात. उतरताना जुना आणि खरा नियम असा की, ज्या गिअरमध्ये हा घाट चढलो असतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा. ब्रेक सतत हलके दाबून धरू नयेत. वेग वाढला की ठामपणे दाबून तो उतरवावा आणि पाय काढून घ्यावा, म्हणजे मध्यंतरात ब्रेकना थंड व्हायला वेळ मिळतो. जळल्याचा वास आला तर सुरक्षित जागी थांबावे, चाकांना दगड लावावेत आणि तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नये. काणकोणच्या वाटेवरचा करमल घाट उंचीने लहान आहे, पण त्याच्या वळणांवर ट्रेलर आतल्या बाजूने कापतो, म्हणून गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला ठेवून मगच वळवावी.

मांडवी आणि जुवारीच्या पुलांवर आडवा वारा लागतो आणि बाजूने बस गेली की ट्रेलर आधी ओढला व मग ढकलला जातो. ट्रेलर डोलू लागला तर ब्रेक दाबू नये, वेगही वाढवू नये. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सलरेटरवरून पाय काढावा, आणि ट्रेलरला विजेचे ब्रेक असतील तर हाताने फक्त तेच लावावेत. थांबल्यावर माल पुढे सरकवल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण त्याच वेगाला तो पुन्हा डोलेल.

दिवाडी किंवा चोडणच्या फेरीवर जाताना ओहोटीची वेळ टाळावी. पाणी उतरले की धक्क्याचा उतार आणि फेरीच्या फळीचा चढ यांच्यामध्ये खोल कोन तयार होतो; पुढची चाके फेरीवर चढत असताना मागे लटकलेली हिच सिमेंटला घासते आणि ट्रेलरच्या दिव्यांचे सात पिनांचे सॉकेट सर्वांत खाली असल्याने आधी तेच तुटते. सॉकेट हिचच्या वरच्या बाजूला बसवून घेतले की हे नुकसान टळते. ट्रेलरसह जायचे असेल तर फेरीवरच्या कर्मचाऱ्यांना आधी विचारावे आणि ते सांगतील त्या जागी उभे राहावे.

होडी उतरवताना

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या आधी आणि नंतर होड्यांची ने-आण वाढते, आणि याच काळात ट्रेलरची बेअरिंगे सर्वाधिक खराब होतात. कारण सरळ आहे: लांबून आलेल्या ट्रेलरचे हब तापलेले असतात, तसेच ते थंड खाऱ्या पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. धक्क्यावर पोचल्यावर हबला हात लावून पाहावे आणि ते हवेइतके थंड होईपर्यंत थांबावे. पाण्यात जाण्याआधी दिव्यांचा प्लग काढावा. शेवाळलेल्या धक्क्यावर फोर लो (चारही चाकांना जोर देणारा सर्वांत खालचा गिअर) लावून, पाऊलभर वेगाने मागे जावे. गाडीची मागची चाके शेवाळाच्या पट्ट्यात जाऊ देऊ नयेत, त्याऐवजी ट्रेलरची दांडी लांब करून घ्यावी. घरी आल्यावर ट्रेलर गोड्या पाण्याने धुवावा आणि हबच्या टोपीखालचे ग्रीस बोटावर घेऊन पाहावे. पांढुरके दिसले तर बेअरिंग काढून, धुऊन, नवे ग्रीस भरावे. फोर बाय फोर मात्र कोरड्या डांबरी रस्त्यावर लावू नये, कारण अर्धवेळ फोर बाय फोर गाडीत पुढचे-मागचे ॲक्सल एकमेकांशी जखडले जातात आणि ट्रान्स्फर केसवर (दोन्ही ॲक्सलांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर) ताण येतो. किनाऱ्याच्या वाळूवर गाडी नेण्यास गोव्यात बंदी आहे, त्यामुळे होडी धक्क्यावरूनच उतरवावी.

बंद पडलेली गाडी टोचन करताना

दोन गाड्यांतले अंतर पाच मीटरपेक्षा जास्त ठेवू नये, दोराला लाल कापड बांधावे, ओढलेल्या गाडीत परवानाधारक चालक असावा, तिच्या मागे ती ओढली जात असल्याचा फलक लावावा आणि वेग ताशी २० ते २५ किलोमीटरच्या पुढे नेऊ नये. ओढल्या जाणाऱ्या गाडीची किल्ली चालू स्थितीत ठेवावी, नाहीतर स्टिअरिंग कुलूपबंद होते. तिचे इंजिन बंद असल्याने दोन-तीनदा पेडल दाबल्यावर ब्रेकची मदत संपते, त्यामुळे मागच्या चालकाने दोर सतत ताणलेला ठेवून हळूहळू, पण जास्त जोराने ब्रेक दाबावा. स्वयंचलित गिअरच्या किंवा फोर बाय फोर गाडीला चाकांवर ओढू नये. तेलाचा पंप फिरत नसल्याने गिअरबॉक्स कोरडा चालतो. तिला सपाट हौद्याच्या गाडीवर चढवूनच न्यावे.

चिखलातून गाडी बाहेर काढताना दोर ट्रेलरच्या गोळ्यात अडकवू नये. गोळा स्थिर ओढीसाठी बनवलेला असतो. झटक्याच्या ओढीने तो मानेत तुटतो आणि दोराबरोबर गोळीच्या वेगाने उडतो, आणि अशा घटनांत माणसे दगावलेली आहेत. उत्पादकाने दिलेल्या हुकालाच किंवा हिचच्या नळीत बसवलेल्या, भार लिहिलेल्या शॅकललाच (खिळीने बंद होणाऱ्या लोखंडी कडीलाच) दोर लावावा. लोखंडी साखळीने झटका देऊ नये. ताणला जाणारा नायलॉनचा दोर असेल तर त्याच्या मध्यावर ओले गोणपाट किंवा जड चादर टाकावी, म्हणजे दोर तुटला तरी त्याची उसळी मोडते, आणि दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणालाही उभे राहू देऊ नये.